पंचवीस अंशांची पहाट

एप्रिल निम्मा सरला की सोलापुरात माणसं एकमेकांची खुशाली विचारायचं सोडून देतात. एक म्हणतो, "काय ऊन हाय हो!" दुसरा म्हणतो, "लई." झालं, एवढ्यावर दोघं आपापल्या वाटेला लागतात. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, स्कूटीच्या सीटवर बसलं की चटका बसतो आणि नळाला गार पाणी येतं ही गोष्ट जूनपर्यंत विसरायची असते. मी याच गावात राहते, या उन्हाला रोज शिव्या घालते, आणि तरीही हा उन्हाळा आला की मला आतून बरं वाटतं. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. लोक वेड्यात काढतील.

कारण पहाट. सोलापूरच्या उन्हाळ्याला पहाट असते हे खुद्द सोलापूरकरांनाही फारसं ठाऊक नाही, कारण रात्रभर तळमळून ते नेमके तेव्हाच गाढ झोपलेले असतात. मला मात्र यंदाही त्या वेळी आपसूक जाग आली. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी ग्रिलला एक तापमापक टांगून ठेवलाय. शेजारच्या काकूंची समजूत आहे की मी हवामान खात्यात आहे. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते हे त्यांना कितीदा सांगितलं, तरी पाऊस कधी येणार ते त्या मलाच विचारतात. तर उठून मी बाल्कनीत गेले. पायाखालची फरशी गार होती. खालच्या कडुलिंबाला मोहोर आलेला, त्याचा तो कडसर गोड वास. आणि एकदम शाहीनची आठवण आली. इतकी आली की मी तिथंच खाली बसले.

शाहीन माझी प्रयोगशाळेतली जोडीदारीण. आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. ती काचेवर पातळ थर चढवायची आणि भट्टीत भाजायची. मी क्वांटम डॉट वाढवायचे. हे काय असतं ते गावी, टेंभुर्णीला, आईला समजावताना माझी दमछाक व्हायची. "डॉट म्हंजी ठिपकं? रांगोळीचं?" आई विचारायची. "आगं मग त्याला येवढी वर्षं कशापायी लागत्यात?"

वर्षं लागतात आई, कारण ते ठिपके दिसत नाहीत. घामोळ्यांवर लावायचं गुलाबी लोशन असतं ना, त्यात झिंक ऑक्साइड असतं, साधी पांढरी भुकटी. तेच झिंक ऑक्साइड द्रावणात इतकं बारीक तयार करायचं की एकेका कणात मोजके अणू. मग एक गंमत होते. बाटलीतलं द्रावण नुसत्या डोळ्यांना पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, पण अंधाऱ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरलं की उजळतं. कण अगदी लहान असतील तर निळसर, जरा वाढले की हिरवट, आणखी वाढले की पिवळं. पदार्थ तोच, बदलतो फक्त आकार. पहिल्यांदा तो उजेड बघितला तेव्हा मी पेटीत डोकं घालून "अगं आई गं!" असं ओरडले होते आणि आमचे बिराजदार सर धावत आले होते. त्यांना वाटलं, हात भाजला.

माझं काम एवढंच की हे कण वाढताना बघायचे. बघायचे म्हणजे प्रकाशाला विचारायचं. थोड्या थोड्या वेळानं चमचाभर द्रावण काढायचं, यंत्रात ठेवायचं, त्यातून प्रकाश सोडायचा आणि तो कुठे अडतो त्याचा आलेख घ्यायचा. कण जसे वाढतात तसा आलेख सरकत जातो. त्या सरकण्यावरून कण केवढे झाले ते कळतं. आईला मी सांगायचे, बाळ न उचलता त्याचं वजन करण्यासारखं आहे हे. आई म्हणायची, "बाळाचं नाव काढलंस त्ये बरं झालं," आणि विषय भलतीकडे जायचा.

हे सगळे आलेख मी घेतले होते जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरते त्या दिवसांत. सुंदर आले होते. कृतीच्या शेवटी एक वाक्य असतं, जगभरच्या सगळ्या कृतींमध्ये असतं: मिश्रण खोलीच्या तापमानाला ठेवून द्यावं. मी तसं ठेवलं आणि प्रबंधातही तसंच लिहून मोकळी झाले. खोलीचं तापमान. त्यात काय विचारायचंय?

बाहेरच्या परीक्षकांनी तेच विचारलं. प्रबंध परत आला तो या शेऱ्यासह, की खोली कुठली, तिचं तापमान किती अंश ते लिहा, आणि त्याच तापमानाला प्रयोग आणखी तीनदा करून आलेख जुळतात हे दाखवा. आला कधी? एप्रिल लागताना. जानेवारीत माझी खोली पंचवीस अंशांवर होती, वहीच्या समासात तेवढी नोंद सापडली. आता तीच खोली एकोणचाळिसावर होती. ही कृती लिहिणारे जिथं राहतात तिथं खोलीचं तापमान बारा महिने एकच असतं, हे सोलापुरात राहून माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आणि माझी मुदत संपत आली होती. नोंदणीची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. मेच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्त प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सगळं पहिल्यापासून. पहिल्यापासून करायला घरचे थांबणार नव्हते आणि खरं सांगायचं तर माझ्यातही तेवढा दम उरला नव्हता. ती डिग्री म्हणजे माझी या शहरात राहण्याची परवानगी होती. ती हुकली असती तर सामान बांधून टेंभुर्णी.

मग मी धडपड सुरू केली. एकोणचाळीस अंशांत कण असे वाढत सुटले की बघायची सोय नाही. निळसर कधी होऊन गेले कळायचंच नाही. पहिला आलेख घेईपर्यंत द्रावण हिरवं, दुसरा घेईपर्यंत पिवळं, आणि दुपारच्या चहापर्यंत दह्याच्या निवळीसारखं गढूळ. बर्फात ठेवून बघितलं तर कण वाढायलाच तयार नाहीत, रुसून बसले. पाणी गरम ठेवणारं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत होतं, गार ठेवणारं नव्हतं. एसी होता, पण तो मार्चमध्येच बंद पडला होता आणि दुरुस्तीवाला 'उद्या येतो' म्हणून गेला होता. शिवाय दुपारी वीज जायची ती वेगळीच. "यल्ला साकु," सर कपाळाला हात लावून म्हणाले. सर अक्कलकोटकडचे, वैतागले की कानडीत वैतागायचे. पुरे झालं सगळं, असा त्याचा अर्थ.

त्या वर्षी रमजान एप्रिलमध्ये आला होता. शाहीन पहाटे सहेरीला काय खाईल तेवढंच, मग दिवसभर रोजा धरून भट्टीपाशी उभी राहायची, ओठ सुकलेले, पण तोंडाची टकळी चालूच. मी तिच्यासमोर पाणी प्यायला संकोचायचे तर म्हणायची, "पी गं बाई, तू मेलीस तर तुझे ते डॉट कोण बघणार?" एका दुपारी माझं चौथं की पाचवं द्रावण गढूळ झालं आणि मी सरळ रडायला बसले. शाहीन ग्रॅनाइटच्या ओट्यावर गाल टेकून पडली होती, गारव्यासाठी. तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "कैकू रोती? सहेरीला ये आमच्या गच्चीवर. इतकं गार असतं की अम्मी चादर मागते."

मी रडायची थांबले. "किती गार?"

"म्हणजे काय किती? गार."

"शाहीन, अंशात सांग."

ती उठून बसली. माझ्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या तापमापकाकडे बघितलं आणि तो उचलून पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी, उजाडायच्याही आधी, माझा फोन वाजला. मागं भांड्यांचा आवाज, तिच्या अब्बांचं खाकरणं. "पंचवीस," ती म्हणाली. तोंडात घास होता. "वैशे, बरोबर पंचवीस. तुझी खोली सापडली."

अशी ती सापडली. सोलापूरच्या एप्रिलमध्ये खोलीचं तापमान सहेरीच्या वेळी येतं आणि सूर्य वर आला की जातं. तेवढ्यात काय ते उरकायचं.

पण ते एकटीनं होण्यासारखं नव्हतं. एकीनं द्रावणापाशी हवं, एकीनं यंत्रापाशी. त्या वेळी रिक्षा मिळत नाही आणि माझ्याकडे गाडी नव्हती. शाहीनकडे स्कूटी होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "मी येते. नमाज पढून निघते, तू खाली उभी राहा." मी म्हटलं, अगं, सहेरीनंतर झोपतेस ना तू? रोज्यात तेवढीच तर झोप असते. तिनं हात असा झटकला, माशी हाकलावी तसा. "नक्को रे बाबा, तुझं भाषण नक्को."

उरले सर. दोन मुलींनी एवढ्या पहाटे प्रयोगशाळा उघडायची तर शिक्षक हजर हवा, असा नियम. आम्ही भीत भीत विचारलं. सर म्हणाले, "मला साखर आहे. डॉक्टर रोज पहाटे चालायला सांगतात, मी जात नाही. आता जातो."

त्या पहाटा मी कशा विसरेन! सात रस्त्याचा चौक पूर्ण मोकळा, एरवी तिथून रस्ता ओलांडायचा म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागतं. शाहीनच्या मागं बसून मी वाऱ्यात तोंड धरायचे. वाटेत एखाद्या गल्लीत सहेरीची भांडी घासली जात असायची, कुठे टॉवेलच्या कारखान्यातून यंत्रमागाची पहिली खडखड ऐकू यायची. तिच्या ओढणीला सरगुंड्याच्या खिरीचा वास. आम्ही पोचायचो तेव्हा सर पट्टेदार मफलर गुंडाळून दारात उभे! एप्रिलमध्ये मफलर! आम्ही हसलो की म्हणायचे, "हसू नका. पंचवीस अंश आहे."

खोलीच्या भिंती रात्रभर गरमच राहायच्या, म्हणून द्रावणाचा चंबू आम्ही उत्तरेच्या व्हरांड्यात मांडला, ढवळणाऱ्या यंत्राची वायर लांबवून. खिडकीतून मी काचेची डबी आत द्यायची, आत शाहीन यंत्रावर. "घे," "घेतली," "झालं," "दे." एवढंच बोलणं. सर व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, आणि प्रत्येक फेरीला तापमापकाशी थांबून पारा बघायचे. त्यांचा नियम होता, पारा सत्ताविसाला टेकला की प्रयोग थांबला, मग कुणी कितीही गयावया करो. वीजसुद्धा पहाटे शहाण्यासारखी वागायची. आणि कण! जानेवारीसारखे सावकाश, समजूतदार वाढत होते. पेटीत बघितलं की निळसर. खूप वेळानं हिरवट. मला वाटलं, हे मला ओळखतात.

काम संपेपर्यंत ऊन यायचं. मी आणि सर समोरच्या टपरीवर चहा घ्यायचो. शाहीन टपरीच्या बाकावर बसून दोन्ही हातांनी चेहरा झाकून पाच मिनिटं झोपायची. खरोखर झोपायची, बसल्या बसल्या. मग उठून दिवसभर भट्टीपाशी. मी बघायचे आणि काही बोलायचे नाही. बोलले असते तर तिनं पुन्हा हात झटकला असता. आईचा एकदा नेमका त्याच वेळी फोन आला. "कुटं हायस गं येवढ्या सकाळच्याला? गाड्यांचा आवाज येतुय." मी म्हटलं, शाहीनसोबत चहाला. आई म्हणाली, "तिचा रोजा आसंल की. तिच्याम्होरं च्या पिऊ नगंस, बाई." मी कप खाली ठेवला.

पहिला आलेख जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्याच्या वेळी जे रसायन शेवटी घालायचं ते दमट होऊन बसलं, बाटलीच वाया. नवी बाटली पुण्याहून यायची होती. ती यायला इतका उशीर झाला की मी रोज पार्सलवाल्याला फोन करून करून त्याचा मुलगा कितवीत आहे इथपर्यंत माहिती काढली. बाटली आली त्याच संध्याकाळी चंद्र दिसला. दुसऱ्या दिवशी ईद. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी मुदत.

शाहीनचा फोन आला, मागं सगळा गलका. मी तिला चांदरात मुबारक म्हटलं आणि बाटलीचं काही बोलले नाही. ईदच्या सकाळी कुणी कुणाला कामाला बोलवतं का? महिनाभर रोजे धरलेली पोरगी, एक सकाळ तिची नको? सरांना मात्र सांगितलं. सर म्हणाले, "यंत्रावर मी बसतो." सरांना नव्या संगणकाचा माऊस नीट धरता यायचा नाही, पण दुसरा इलाजच नव्हता.

पहाटे मी जुळे सोलापुरातल्या माझ्या तेव्हाच्या भाड्याच्या जागेवरून चालत निघाले. व्हरांड्यात मांडामांड केली. सर यंत्रापुढे बसले, त्यांनी काहीतरी दाबलं आणि पडदा काळा झाला. पुन्हा दाबलं, कुठलीशी वेगळीच खिडकी उघडली. "हे कुठनं आलं?" सर म्हणाले. बाहेर चंबूत द्रावण तयार होतं, शेवटचं रसायन माझ्या हातात. ते घातलं की कण वाढायला लागणार, ते कुणासाठी थांबत नाहीत. पारा पंचविसावर होता. उद्या प्रबंध द्यायचा होता, आज नाही तर कधीच नाही. मला कळत होतं की हे होणार नाही.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटीचा हॉर्न वाजला.

शाहीन मोरपिशी नव्या ड्रेसमध्ये होती. केसांना तेल, दोन्ही हातांवर मेंदी, काही ठिकाणी वाळलेली तशीच चिकटलेली. हातात स्टीलचा डबा. माझ्यासमोर उभी राहून तिनं मला पोटभर शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या मला आजही कळत नाहीत. बाटली आली हे तिला सरांनी सांगितलं होतं. "तू कोण ठरवणार गं, मी कधी यायचं ते?" ती म्हणाली. मग डबा ओट्यावर आपटला. "अम्मीनं शीरखुर्मा दिलाय. आमच्या घरात कुणी अजून तोंडात घातलेला नाही. पहिली वाटी तुझी, म्हणाली. काम झाल्यावर खा. चला सर, उठा."

सर उठले. आनंदानं उठले. "काचेला हात लावू नको त्या मेंदीचा!" एवढंच ओरडले.

"घे," मी म्हटलं. "घेतली," खिडकीतून आवाज आला. कीबोर्डवर मेंदीच्या खपल्या पडत होत्या आणि ती फुंकर मारून उडवत होती. इदगाहच्या बाजूनं माणसांची वर्दळ सुरू झाली, अत्तराचा वास व्हरांड्यापर्यंत आला. सर फेऱ्या घालत होते. पारा सव्वीस. सव्वीसच्या वर. शेवटची डबी मी आत दिली तेव्हा सर तापमापकाशी उभे होते. ते वळले आणि म्हणाले, "सत्तावीस. थांबा." आणि शाहीन आतून म्हणाली, "झालं."

तीनही आलेख तिनं एकावर एक ठेवले. पहिल्या दोन वेळच्या द्रावणांतले कण तोवर वाढून पिवळे होऊन गेले होते, त्यांना कुणी थांबवू शकलं नव्हतं. पण त्यांच्या रेषा होत्या. आम्ही तिघं पडद्यात डोकं घालून बघत होतो. एकच रेष दिसत होती.

"बाकीच्या दोन कुठं गेल्या?" सर म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला लागले, बराच वेळ पुसत राहिले.

मी शीरखुर्मा तिथंच खाल्ला, डब्यातूनच, उभ्यानं. रडत होते, त्यामुळे चव नीट कळली नाही. पण बदाम होते आणि खारीक होती, आणि तो कोमट होता. बहुतेक पंचवीस अंशांहून जास्त. शाहीन म्हणाली, "आता तरी हस गं, ईद आहे."

प्रबंध गेला. मान्य झाला. तापमानाचा आकडा आता त्यात ठळक लिहिलेला आहे, आणि आभाराच्या पानावर शाहीनच्या अम्मीचंही नाव आहे. परीक्षकांना ते का आहे हे कळलं नसेल. मी या शहरात राहिले, मला नोकरी लागली, हा फ्लॅट, ही बाल्कनी, सगळं त्या पहाटांतून आलंय. मला ते रोज आठवतं असं नाही, पण वर्षातून एकदा ते मला गाठतंच.

शाहीन आता गुलबर्ग्याला असते, तिथल्या कॉलेजात शिकवते, दोन मुलं आहेत. लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या रमजानपासून सहेरीला तिला उठवायचं काम मी घेतलंय. महिनाभर गजर लावून मी उठते, फोन करते, ती "हौ, उठले" म्हणते, मी पुन्हा झोपते. पण रमजान दरवर्षी थोडा मागं सरकतो. यंदा तो थंडी सरता सरता आला आणि उन्हाळ्याच्या आधीच निघून गेला. एप्रिल आला तेव्हा ईद होऊन गेलेली. मी एकदा हिशेब केला होता, रमजान पुन्हा एप्रिलच्या या उन्हात येईल तेव्हा आम्ही दोघी साठीच्या पुढे असू. शाहीनला सांगितलं तर म्हणाली, "तेव्हा स्कूटी तू चालव."

तर यंदा, त्या पहाटे, मी बाल्कनीत गार फरशीवर बसले होते. रमजान नव्हता, सहेरी नव्हती, कुणाला उठवायचं नव्हतं. फोन वाजला. शाहीनचा.

"झोपली नव्हतीस ना?" ती म्हणाली.

"नाही."

"मला माहीत होतं. किती आहे?"

मी उठून तापमापकाकडे बघितलं. "पंचवीसच्या जरासा वर."

"आमच्याकडं पण," ती म्हणाली.

मग बरंच बोललो. अम्मीचे गुडघे, सरांची साखर, माझी आई, तिची मुलं. खाली दूधवाल्याची मोटारसायकल आली, शेजारच्या काकू उठल्या, लिंबावर ऊन आलं. पारा सत्ताविसाला टेकेपर्यंत आम्ही दोघींनी फोन ठेवला नाही.